एक जूनचा जन्म आणि राजाची शपथ

माझ्याकडे आलेलं एक पत्र असं आहे:

"ताई, मी शिरपूर तालुक्यातली. माहेर तापीकाठचं, सासर तिथून आठ मैलांवर. मालक इंग्लंडात लेस्टरला कामाला होते, त्यांच्यामागे मीही गेले. त्याला आता बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मालक गेले. घरात मुलगा, सून, नातवंडं आणि मी. वय सदुसष्ट. मुलाने माझा तिकडच्या नागरिकत्वाचा अर्ज भरला होता, तो मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी सध्या भावाकडे आलेय. मुलगा म्हणतो, तीन महिन्यांच्या आत समारंभात उभं राहून इंग्रजीत शपथ घ्यायची आणि मग पासपोर्टासाठी व्हिडिओवर मुलाखत द्यायची. मला 'थँक्यू', 'सॉरी' आणि 'नो इंग्लिश' यापलीकडे येत नाही. शपथ चुकली तर? मुलाखतीत काही कळलंच नाही तर सगळं रद्द करतील का? रात्र रात्र झोप नाही. त्यात वहिनी म्हणते, तू आता परदेशी होणार, सातबाऱ्यावरचं तुझं नाव आपोआप जाईल, त्यापेक्षा आत्ताच हक्कसोड करून दे. आणि मला तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत माहेरी यायचंय. काय करू? — तापीकाठची लेक"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना इंग्रजीची भीती दिसली. दुसऱ्यांदा वाचताना शेवटी शेवटी उभी असलेली वहिनी दिसली. तिच्याकडे येतेच, पण आधी झोपेचं बघू.

तुमची इंग्रजीची परीक्षा होऊन गेली आहे. म्हणजे ती घ्यायचीच नाही असं ठरून गेलं आहे. ब्रिटिश नागरिकत्वासाठी इंग्रजीचा दाखला आणि तिथल्या जीवनाविषयीची एक परीक्षा लागते, पण अर्ज करताना वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल तर दोन्हींतून सूट असते. तुमचा अर्ज या सुटीतच मंजूर झाला असणार. तुम्हाला इंग्रजी येत नाही हे सरकारला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच त्यांनी 'हो' म्हटलं आहे. आता समारंभात कुणी वही-पेन घेऊन तुमचे उच्चार तपासायला बसणार नाही.

आणि बावीस वर्षांत इंग्रजी आली नाही याची लाज पत्रात जागोजागी डोकावते, ती आधी काढून टाका. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर साडीपासून शेवेपर्यंत सगळं गुजरातीत मिळतं. शिरपूर-नंदुरबारकडच्या माणसाला गुजराती शिकायला लागत नाही, अहिराणीच्या शेजारीच ती नांदते. इंग्रजीशिवाय तुमचा संसार अडला नाही म्हणून ती आली नाही. अडला असता तर बाजारात भाव करायला शिकलात तशी तीही शिकला असता.

आता समारंभ. ही प्रथा काही फार जुनी नाही. पूर्वी एखाद्या वकिलासमोर शपथेवर सही करायची आणि प्रमाणपत्र टपालाने घरी यायचं. २००४ पासून सार्वजनिक समारंभ सुरू झाले. पहिला फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात झाला, आणि त्याला तेव्हाचे युवराज चार्ल्स हजर होते. आता तेच राजे आहेत आणि शपथेत त्यांचंच नाव घ्यायचं आहे.

तुमचा समारंभ बहुधा तुमच्या भागातल्या नोंदणी कार्यालयात किंवा नगरपालिकेच्या सभागृहात असेल. आपल्याकडचं नोंदणी-लग्न डोळ्यांसमोर आणा, फक्त खुर्च्या जास्त आणि गडबड कमी. दारात ओळखपत्र आणि निमंत्रणाचं पत्र बघतात, नाव बरोबर लिहिलंय ना ते विचारतात. हे मात्र नीट बघा. प्रमाणपत्रावर नावात एखादं अक्षर चुकलं तर ते तिथल्या तिथे सांगितलेलं बरं. आपल्या 'बाई'चं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको: एका कागदावर सिंधू, दुसऱ्यावर सिंधुबाई, तिसऱ्यावर मधलं नाव गायब. साधारणपणे दोन पाहुणे बरोबर नेता येतात. मुलगा आणि सून. नातवंडांसाठी आधी विचारून घ्या.

मग सगळ्यांना उभं करतात. निबंधक एकेक तुकडा वाचतात आणि सगळे मिळून तो मागे म्हणतात. तुमच्या डावीकडे कदाचित पोलंडचा माणूस असेल, उजवीकडे सोमालियाची बाई, आणि दोघांचीही जीभ तुमच्याइतकीच अडखळत असेल. बोलायचं मात्र आहे, नुसतं उभं राहून चालत नाही. शपथ देवाला स्मरून घेता येते किंवा देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा म्हणूनही घेता येते. तुम्ही श्रावणात कानबाई देवी बसवणाऱ्या घरातल्या, तुम्ही पहिलीच घ्याल असं धरून चालते. वेल्समध्ये हीच शपथ वेल्श भाषेत घ्यायची मुभा आहे. तापीकाठाला ती सवलत अजून मिळालेली नाही, तेव्हा इंग्रजीतच म्हणायची. ती अशी:

आय, (इथे तुमचं पूर्ण नाव), स्वेअर बाय ऑलमायटी गॉड / दॅट ऑन बिकमिंग अ ब्रिटिश सिटिझन / आय विल बी फेथफुल अँड बेअर ट्रू अलीजन्स / टु हिज मॅजेस्टी किंग चार्ल्स द थर्ड / हिज एअर्स अँड सक्सेसर्स / अकॉर्डिंग टु लॉ.

अर्थ एवढाच, की मी देवाची शपथ घेऊन सांगते, ब्रिटिश नागरिक झाल्यावर मी कायद्याप्रमाणे राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि त्यांच्यानंतर गादीवर येणारे यांच्याशी निष्ठेने वागेन. यानंतर एक छोटी प्रतिज्ञा येते: या देशाशी एकनिष्ठ राहीन, इथले हक्क आणि स्वातंत्र्य यांचा मान राखीन, लोकशाहीची मूल्यं जपीन, कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्यं पार पाडीन. तीही मुलाकडून देवनागरीत लिहून घ्या.

पाठ कशी करायची हे तुम्हाला मी शिकवणं म्हणजे गंमतच. कानबाईच्या रात्री तुम्ही किती गाणी म्हणता? वही कधी हातात धरली होती? ऐकून, मागे म्हणून, हात कामात असतानाच ती बसली ना तोंडात. ही शपथही तशीच बसेल. मुलाला फोनवर एकेक तुकडा सावकाश बोलून पाठवायला सांगा आणि भाकरी थापताना लावून ठेवा. 'अलीजन्स' शब्द अवघड जाईल. गेला तर गेला, सगळ्यांच्या आवाजात तो विरघळून जातो.

शपथेनंतर प्रमाणपत्र, महापौर किंवा राजाच्या प्रतिनिधीशी हात मिळवणं, फोटो, राष्ट्रगीत. राष्ट्रगीताला उभं राहायचं. गाता आलं तर गा, नाही तर शांत उभ्या राहा. साडीच नेसा. थंडी असेल तर आत गरम कपडे घाला आणि फोटोपुरता वरचा कोट काढा, नाही तर आयुष्यभर फोटोत कोटच दिसत राहील.

तीन महिन्यांची मुदत मात्र खरी आहे. ती हुकली तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा फी अशी पाळी येऊ शकते. म्हणून माहेरचा मुक्काम लांबवू नका. मुलाने समारंभाची तारीख अजून घेतली नसेल तर आधी ती घ्यायला लावा आणि परतीचं तिकीट त्या तारखेआधी पोचाल अशा बेताने काढा.

मुलाखतीकडे वळू. घोटाळा होऊ शकतो तो इथे, आणि तोही इंग्रजीमुळे नव्हे.

पहिलं हे समजून घ्या, की नागरिकत्व तुम्हाला समारंभातच मिळून गेलेलं असतं. मुलाखत फक्त पासपोर्टासाठी. पहिल्यांदा ब्रिटिश पासपोर्ट काढणाऱ्या मोठ्या माणसाला मुलाखतीला बोलावू शकतात. दुसऱ्याच्या नावावर कुणी पासपोर्ट काढू नये यासाठी २००७ मध्ये ही पद्धत सुरू झाली. म्हणजे त्यांना एवढंच बघायचं असतं, की अर्जावरची बाई ती हीच का. इंग्लंडच्या राण्यांची नावं ते विचारत नाहीत. तुमच्या आईवडिलांची नावं विचारतात. जन्म कुठला, आधी कुठे कुठे राहिलात, घरात कोण कोण असतं, पहिल्यांदा इथे कधी आलात, तुमची ओळख पटवून देणारा माणूस कोण आणि तो तुम्हाला कसा ओळखतो. ताई, या विषयात तुमच्याइतकं जगात कुणाला येतं?

अडचण वेगळीच आहे. तुम्हाला खरं येतं आणि कागदाला दुसरंच येतं. तुमचा जन्म कधीचा? घरी विचारलं तर सांगाल, 'आखाजीच्या आधी चार दिवस, आजोबांनी नवी विहीर खणली त्या साली.' आणि पासपोर्टावर? मी पैज लावते, १ जून. आपल्या पिढीतला अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. माझीही तीच आहे. मुलाखतीत सांगायची ती कागदावरचीच तारीख, आणि न अडखळता: 'फर्स्ट जून', पुढे सालाचे आकडे. खऱ्या जन्माची गोष्ट नातवंडांसाठी ठेवा.

वडिलांच्या नावाचंही तेच. गावात त्यांना सगळे एका नावाने हाक मारत आणि कागदावर दुसरंच असेल, तर कागदावरचं सांगा. लग्नाआधीचं स्वतःचं नाव आणि आडनाव म्हणून बघा, आपल्याकडे कितीतरी बायकांना ते जिभेवर आणायला क्षणभर लागतो. जुने पत्ते मुलाकडून एका कागदावर लिहून घ्या आणि अर्ज भरला त्याच क्रमाने दोन-चारदा वाचा. अर्ज मुलाने भरला आहे, हीच गोम आहे. त्यात त्याने काय लिहिलंय हे तुम्हाला माहीत हवं. समारंभानंतर तो पासपोर्टाचा अर्ज भरेल तेव्हा शेजारी बसा आणि प्रत्येक ओळ मराठीत वाचून घ्या. 'आई, तू फक्त सही कर' असं म्हणेल. करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या स्वभावाची. समोरचा साहेब बोलतोय, कळत नाहीय, तरी आपण मान हलवत 'हो हो' म्हणतो. गावाकडे ही माणुसकी झाली, व्हिडिओवरच्या मुलाखतीत ते उत्तर होतं. त्याने विचारलं असेल, 'तुम्ही याआधी दुसऱ्या नावाने पासपोर्ट काढला होता का?' आणि तुम्ही प्रेमाने 'येस येस' म्हणालात, तर पुढचा गोंधळ निस्तरायला महिने लागतील. कळलं नाही तर मान अजिबात हलवू नका. तीन वाक्यं पाठ करा: 'सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड.' 'प्लीज स्पीक स्लोली.' 'प्लीज से अगेन.' हवी तितक्यांदा म्हणा. पुन्हा विचारायला लावलं म्हणून कुणी पासपोर्ट अडवत नाही.

आणि उत्तर आखूड द्या. माझी एक मावसबहीण बर्मिंगहॅमला असते. तिला मुलाखतीत विचारलं, 'याआधी कुठे राहत होता?' तिने दोंडाईच्यापासून सुरुवात केली. मोडकंतोडकं इंग्रजी, त्यात हिंदी, मधे जावेबरोबर झालेलं भांडण, वेगळी चूल, मग धुळ्याची भाड्याची खोली. पलीकडची बाई म्हणे शेवटी हसू दाबत होती. पासपोर्ट मिळाला, पण एका पत्त्याच्या प्रश्नाला अकरा मिनिटं गेली.

दुभाष्याचं काय? मुलाखतीची वेळ ठरवतानाच मुलाला स्पष्ट सांगायला लावा, की आईला इंग्रजी अगदी थोडं येतं, मराठी दुभाष्याची काय सोय होईल. ऐनवेळी सांगितलं तर तारीख पुढे जाते. मुलगाच शेजारी बसून सांगेल असं मात्र धरून चालू नका. ओळख तुमची पटवायची आहे, आणि पोटचा मुलगा उत्तरं देऊ लागला तर त्यांचा संशय वाढेल की कमी होईल, तुम्हीच सांगा. त्या वेळी खोलीत एकट्या बसा, दार लोटून घ्या, कुकरची शिट्टी होणार नाही एवढं बघा. दुभाषा बहुधा पुण्या-मुंबईकडचं मराठी बोलेल. तुमच्या तोंडून अहिराणी 'शे' आणि 'व्हई' निघालं तर निघू द्या, पण तारखा, नावं आणि गावं सावकाश सांगा. शिरपूर गावाचंही आणि तालुक्याचंही नाव आहे, हे त्याला कदाचित माहीत नसेल.

ओळख पटवणारा माणूस आत्ताच हेरून ठेवा. तुम्हाला निदान दोन वर्षं ओळखणारा, नात्यातला नसलेला, तुमच्या घरात न राहणारा, ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट असलेला आणि शिक्षक, हिशेबनीस अशा मान्य व्यवसायातला किंवा त्यातून निवृत्त झालेला. बावीस वर्षांत देवळातली, भजनातली एखादी निवृत्त शिक्षिका तुमच्या ओळखीची झालीच असेल.

आता आखाजी. इथे मला तुमचं मन मोडावं लागणार आहे.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. घटनेचं ९ वं कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही ९ वं कलम हेच सांगतं: स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. ज्या घटकेला तुम्ही शपथेचा शेवटचा शब्द म्हणाल, त्या घटकेपासून तुमच्या कपाटातला निळा पासपोर्ट तुमचा राहिला नाही. मुदत पुढच्या चार वर्षांची का असेना, त्यावर प्रवास करायचा नाही. 'एकदाच जाऊन येते, कोण बघतंय' हा सल्ला तुम्हाला लेस्टरमध्येही मिळेल आणि शिरपुरातही. तो गुन्हा आहे, आणि विमानतळावर एकट्या बाईला इंग्रजीत त्याचा जाब द्यावा लागणं ही खरी भीतीची गोष्ट आहे.

आधी ब्रिटिश पासपोर्टाचा अर्ज. त्यासाठी नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि तुमचा भारतीय पासपोर्ट दोन्ही मूळ प्रती पाठवाव्या लागतात, मग मुलाखत, मग नवा पासपोर्ट. तो आला की भारतीय पासपोर्ट भारताच्या उच्चायुक्तालयाकडे परत करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. त्या दाखल्यावर ओसीआय कार्ड मिळतं, म्हणजे आयुष्यभर हवं तितक्यांदा व्हिसाशिवाय भारतात येण्याची सोय. कार्डाला वेळ लागणार असेल आणि घाई असेल, तर मधे ई-व्हिसा काढून येता येतं. पण नवा पासपोर्ट हातात पडल्याशिवाय तिकीट काढू नका, स्वस्त मिळालं तरी नाही. आखाजीला तुम्ही लेस्टरमध्येच असाल असं धरा. आखाजीचा झोका तिथल्या बागेत बांधा. श्रावणात कानबाईला यायचं ठरवलं तर जमण्यासारखं आहे.

भारतातल्या मतदार यादीतलं नाव कमी करायला सांगा. पुढच्या निवडणुकीत भाऊ गाडी घेऊन आला तरी बसू नका.

आणि आता वहिनी.

परदेशी नागरिक झालात म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप जात नाही. नाव कमी व्हायला फेरफार लागतो, फेरफाराला आधार लागतो, आणि हक्कसोडपत्राला दुय्यम निबंधकासमोर तुमची सही लागते. वडिलांकडून वारसाने आलेली शेतजमीन तुम्ही ओसीआय होऊनही ठेवू शकता. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसाने आलेली मालमत्ता ठेवण्याची मुभा परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्याच्या ६(५) कलमातच आहे. तुम्हाला करता येणार नाही ते हे: नवी शेतजमीन विकत घेणं. आणि वारसाची विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, महाराष्ट्रात तोही शेतकरी हवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, ही २००५ ची दुरुस्ती तुम्हाला माहीत असेल. वहिनीला तर नक्कीच माहीत आहे, म्हणून तर घाई.

मी वहिनीला वाईट ठरवत नाही. बावीस वर्षं ती माती त्यांनी कसली, पपईवर रोग पडला तेव्हा तुम्ही लेस्टरमध्ये होता. बहिणीने हिस्सा भावाला सोडून द्यावा आणि माहेरची वाट मोकळी ठेवावी, असं खानदेशात हजारो बायकांनी केलं आहे, काहींनी मनापासून, बऱ्याच जणींनी नाइलाजाने. तुम्हाला द्यायचं असेल तर द्या. पण 'नाहीतरी जाणारच आहे' या खोट्या भीतीपोटी देऊ नका, आणि मुदतीच्या, तिकिटाच्या घाईत तर मुळीच नाही. आत्ता वहिनीला सांगा, "आधी माझा पासपोर्ट होऊ दे, मग श्रावणात आले की बसून बोलू." भावासमोर सांगा. आणि जाण्याआधी शिरपूरच्या एखाद्या जाणत्या वकिलाला सातबारा आणि आठ-अ चे उतारे दाखवून या. सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर लेस्टरमध्ये बसूनही बघता येतो. नातवाला शिकवा, दर दोन-तीन महिन्यांनी उघडून तुमचं नाव वाचून दाखवायला.

आज रात्री झोपण्याआधी एवढंच करा. पेटीतून पासपोर्ट काढा, त्यावरची जन्मतारीख बघा, आणि ती इंग्रजीत पाच वेळा मोठ्याने म्हणा. वहिनीला ऐकू गेलं तरी चालेल.